शेळ्यांचा खुराक : गोळी घ्यावी की भरडा करावा?

(धंतोली, नागपूर येथे शेळीपालक शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेळीपालक चार जण एकत्र आले की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. बाजारातून तयार गोळीचे पोते आणावे, की घरचा भरडा, चुनी आणि ढेप कालवून खुराक करावा? गोळी म्हणजे शास्त्रीय खाद्य, असे काहींना वाटते. गोळीत काय दडवले आहे ते कोणाला दिसते, असे दुसरे म्हणतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. मी कृषिविद्या शिकवतो, पशुवैद्य नाही. म्हणून औषधोपचाराचे फारसे बोलणार नाही. चारा, दाणा आणि त्याचा हिशेब याबद्दल बोलेन.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. खुराकात जे घटक पडले असतील त्यावरच शेळी पोसली जाते. त्याची गोळी केली म्हणून निकृष्ट माल सकस होत नाही आणि भरडा घरचा आहे म्हणून तो संतुलित ठरत नाही. गोळी की भरडा यावरून तीन गोष्टी मात्र ठरतात : शेळी त्यातले काय निवडून खाते, किती वाया घालवते आणि किती झपाट्याने खाते. या तीन गोष्टींतच आपला नफा-तोटा आणि कधीकधी शेळीचा जीवही असतो.

हरणावरून शेळीकडे

परदेशात हाच वाद हरीणपालकांमध्ये चालतो. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या सुमारास तांबड्या हरणांचे कुंपणातले व्यापारी पालन सुरू झाले. अशा हरणांना गोळी द्यावी की दाणेदार मिश्रण, ही तिकडची चर्चा. दाणेदार मिश्रण म्हणजे चेपलेला मका, ओट यांसारखे धान्य, त्यात प्रथिनयुक्त गोळ्या आणि वरून मळीचा हात. आपल्याकडेही काही तरुण हरीणपालनाविषयी विचारतात. त्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे की वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे चितळ, सांबर, काळवीट हे संरक्षित वन्यप्राणी आहेत. त्यांना पकडून पाळता येत नाही, विकता येत नाही. इथून जवळच महाराजबागेत आपण हरणे पाहतो, पण ते आपल्या कृषि विद्यापीठाच्या व्यवस्थापनाखालचे प्राणिसंग्रहालय आहे. तो धंदा नव्हे.

तरीही हरणापासून शिकण्यासारखे एक आहे. हॉफमन या शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे त्यांच्या खाण्याच्या सवयीवरून तीन गट मांडले. गाय, मेंढी हे मुख्यतः गवत चरणारे. काही हरणे कोवळी पाने, शेंगा, फुले निवडून खाणारी. शेळी आणि हरणांच्या कित्येक जाती या दोहोंच्या मधल्या. ऋतू पाहून गवतही खातात आणि पालाही ओरबाडतात. शेळीचा वरचा ओठ हलता असतो. बोरीच्या काट्यांतून ती नेमके पान उचलते. हाच ओठ ती गव्हाणीतही वापरते. आपण कालवलेल्या खुराकातून मक्याचा तुकडा उचलते आणि क्षार मिश्रणाची भुकटी तळाशी सोडून देते. गाय जिभेने घास ओढते, तिला इतकी निवड साधत नाही. म्हणून गाईच्या बाबतीत दुय्यम असलेला हा प्रश्न शेळीच्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो.

गोळीचे गुण

कारखान्यात सर्व घटक बारीक दळून एकत्र करतात, त्यांना वाफ देतात आणि छिद्रांच्या साच्यातून दाबून गोळी काढतात. प्रत्येक गोळीत दाणा, ढेप, कोंडा, मीठ आणि क्षार सारख्या प्रमाणात येतात. त्यामुळे शेळीला निवड करता येत नाही. कळपातली दांडगी शेळी पुढे येऊन चांगले तेवढे खाते आणि मागच्या शेळ्यांना भुकटी उरते, हा प्रकार टळतो. धूळ उडत नाही, खाद्य सांडले तरी वाया कमी जाते. पोते कमी जागेत मावते. मजूर मिळत नाही अशा दिवसांत मोजून टाकायला ते सोपे पडते.

गोळीचे दोष

पहिला दोष म्हणजे आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. भाताचा तूस, माती, जुनी ढेप, सगळे एकाच रंगाचे होऊन जाते. वाफेच्या उष्णतेने काही जंतू मरतात हे खरे, पण बुरशीचे विष मरत नाही. सरकी, शेंगदाणा किंवा मका ओला राहिला की त्यावर बुरशी येते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. गोळी करताना लागणाऱ्या उष्णतेने ते नाहीसे होत नाही. ते यकृत खराब करते आणि त्याचा अंश दुधातही उतरतो.

दुसरा दोष वेगाचा. गोळीसाठी सर्व घटक बारीक दळलेले असतात. शेळी ती भराभर खाते, चावणे कमी होते, त्यामुळे लाळ कमी सुटते. लाळेत खाण्याच्या सोड्यासारखा क्षार असतो आणि तो पोटातले आम्ल मारतो. बारीक पीठ मोठ्या पोटात झपाट्याने आंबते, आम्ल वाढते. यालाच आम्लविकार म्हणतात. शेळी चारा सोडते, दात खाते, पातळ हगते, पोट तटतटते आणि सुस्त पडून राहते. भरपूर चारा असेल आणि खुराक बेताचा असेल तर हा धोका फारसा नसतो. चारा संपला म्हणून गोळी दुप्पट केली की तो ओढवतो. अशी लक्षणे दिसताच खुराक पूर्ण बंद करावा, सुका चारा पुढे ठेवावा आणि पशुवैद्यकास ताबडतोब बोलवावे.

भरड मिश्रणाचे गुण-दोष

भरड्याचा मोठा गुण असा की तुम्ही काय घालता ते तुम्हाला माहीत असते. विदर्भात तर कच्चा माल घराभोवतीच आहे. जिनिंगच्या गावात सरकीची ढेप मिळते, दालमिलमधून तुरीची आणि हरभऱ्याची चुनी मिळते, ज्वारी-मका शेतात होतो. शिवाय जाड भरडलेले धान्य शेळीला चावावे लागते, ते पोटात सावकाश आंबते. शेळीचे दात चांगले असतात. तिच्यासाठी धान्याचे पीठ करण्याची गरज नाही. एका दाण्याचे दोन-चार तुकडे झाले तरी पुरे. चक्कीवर बारीक दळून आणणे म्हणजे दळणाचे पैसेही घालवणे आणि पोटही बिघडवणे.

दोष म्हणजे निवड आणि नासाडी. यावर उपाय सोपा आहे. मिश्रण द्यायच्या वेळी त्यावर गुळाचे पाणी किंवा मळी पाण्यात पातळ करून शिंपडावी आणि हाताने चोळावे. भुकटी दाण्याला चिकटते, धूळ बसते आणि शेळी सर्व मिळून खाते. मात्र ओले केलेले मिश्रण त्याच वेळी संपले पाहिजे. नागपूरच्या उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत आंबते आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी येते.

दुसरा दोष मापाचा. आज ढेप स्वस्त म्हणून ढेप जास्त, उद्या चुनी घरची म्हणून चुनी जास्त, असे होते. शेळीच्या मोठ्या पोटातील सूक्ष्म जीव एका खाद्याला सरावलेले असतात. त्यांना रोजचा बदल मानवत नाही. प्रमाण एकदा ठरवावे, वजन करून कालवावे आणि बदल करायचा तर आठ ते दहा दिवसांत हळूहळू करावा. हाच नियम भरड्यावरून गोळीवर जाताना पाळावा.

घरच्या मिश्रणाचा नमुना

मोठ्या शेळ्यांसाठी १०० किलो मिश्रण पुढीलप्रमाणे करता येईल :

मका किंवा ज्वारीचा जाड भरडा – ३५ किलो
तुरीची चुनी – २५ किलो
सरकीची ढेप – २० किलो
गव्हाचा कोंडा – ९ किलो
सोयाबीनची डी.ओ.सी. – ८ किलो
क्षार मिश्रण – २ किलो
मीठ – १ किलो

मक्यात सुमारे ९ टक्के, चुनीत १५, सरकीच्या ढेपेत २२, कोंड्यात १४ आणि सोयाबीन डी.ओ.सी.मध्ये ४५ टक्के प्रथिने धरली तर या मिश्रणात साधारण १६ टक्के प्रथिने येतात. चुनी आणि ढेप यांची प्रत मालागणिक बदलते, म्हणून मोठा कळप असेल तर नमुना प्रयोगशाळेत तपासून घेणे चांगले.

तीन-चार महिन्यांच्या आतील करडांना हे मिश्रण देऊ नये. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. मोठ्या शेळीचे पोट बेताच्या प्रमाणात ते पेलते, लहान करडाला ते बाधते. करडांसाठी मका भरडा ५० किलो, सोयाबीन डी.ओ.सी. २०, गव्हाचा कोंडा १७, तुरीची चुनी १०, क्षार मिश्रण २ आणि मीठ १ किलो असे मिश्रण करावे. त्यात सुमारे १७ टक्के प्रथिने बसतात. करडे दोन आठवड्यांची झाली की आईला शिरता येणार नाही अशा आडोशात ते थोडे थोडे ठेवावे. दाणा खाल्ल्यानेच त्यांचे मोठे पोट वाढीला लागते. तयार गोळी द्यायची असेल तर करडांसाठी केलेली बारीक गोळीच घ्यावी.

पोत्याचा भाव आणि प्रथिनांचा भाव

आपण पोत्याचा भाव विचारतो. खरे तर भाव प्रथिनांचा काढला पाहिजे. हिशेब समजावा म्हणून आकडे धरू. तुमच्या गावचे आकडे तुम्ही घाला. समजा २० टक्के प्रथिनांची गोळी ३० रुपये किलो आहे आणि १६ टक्के प्रथिनांचे घरचे मिश्रण २७ रुपये किलो पडते. वरवर मिश्रण तीन रुपयांनी स्वस्त. पण गोळीतील एक किलो प्रथिनांना १५० रुपये पडतात आणि मिश्रणातील एक किलो प्रथिनांना जवळजवळ १६९ रुपये. त्यातही मिश्रणाचा दहावा हिस्सा शेळ्यांनी गव्हाणीत सोडला, तर पोटात गेलेले मिश्रण २७ चे ३० रुपये किलो पडते.

हाच हिशेब उलटाही होतो. ज्वारी आणि चुनी घरची असेल, मक्याला बाजारात भाव नसेल, तर मिश्रण सहज स्वस्त पडते. आणि पोत्यावर २० टक्के छापलेल्या गोळीत प्रत्यक्षात १५ टक्केच प्रथिने निघाली, तर तिच्या एक किलो प्रथिनांचा भाव २०० रुपयांवर जातो. केवळ प्रथिनांवर सर्व ठरत नाही, ऊर्जाही पाहावी लागते. पण दोन खुराकांची तुलना करायला सुरुवात येथून करावी.

पोते घेताना काय पाहावे

जनावरांच्या तयार खाद्यासाठी भारतीय मानक आय.एस. २०५२ आहे. त्यात पहिल्या प्रकारच्या खाद्यात किमान २२ टक्के आणि दुसऱ्या प्रकारात किमान २० टक्के प्रथिने, आणि ओलावा ११ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असे सांगितले आहे. हे मानक गाई-म्हशींच्या खाद्याचे असले तरी पोत्यावरचे आकडे वाचताना उपयोगी पडते. मानकाची खूण, उत्पादनाची तारीख, प्रथिने, तंतू आणि वाळू-राखेचे प्रमाण पाहावे. युरिया घातला आहे का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. युरियायुक्त खाद्य सहा महिन्यांखालील करडांना देऊ नये.

घरी दोन साध्या तपासण्या करता येतात. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात मूठभर गोळी विरघळू द्या. तळाशी वाळू बसते, तूस-कोंडा वर तरंगतो. वाळूचा थर डोळ्यांना दिसला की काय समजायचे ते समजा. दुसरी, पोत्यातील दोन किलो माल चाळा. भुकटी फार निघाली तर गोळीचे पैसे देऊन तुम्ही पीठच विकत घेतले. कुबट वास, बुरशीचे जाळे किंवा गोळ्यांचे ढेकूळ दिसले तर ते पोते परत करा. खराब माल चांगल्या मालात मिसळून संपवू नका.

कळपात मेंढ्या असतील तर आणखी एक काळजी घ्यावी. मेंढीला तांबे फार लवकर बाधते. गाईंसाठी केलेल्या खाद्यात तांब्याचे प्रमाण मेंढीला न मानवणारे असू शकते. गाईची गोळी मेंढ्यांना महिनोन् महिने घालू नये.

साठवण

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओल असते. पोती फळीवर, भिंतीपासून फूटभर सोडून ठेवावीत. गोळीला पाणी लागले की ती फुगून फुटते आणि लगेच बुरशी धरते. एका महिन्यात संपेल एवढेच आणावे. वीस शेळ्यांना प्रत्येकी २५० ग्रॅम दिले तर दिवसाला ५ किलो, महिन्याला १५० किलो, म्हणजे ५० किलोची तीन पोती. याहून जास्त पावसाळ्यात भरून ठेवू नये.

आधी चारा, मग खुराक

कोणताही खुराक चाऱ्याची जागा घेत नाही. २५ ते ३० किलो वजनाच्या शेळीला दिवसाला साधारण एक किलो कोरडे अन्न लागते. त्यात खुराक २०० ते २५० ग्रॅम, बाकी सर्व चारा. गाभण शेळीला शेवटच्या दीड महिन्यात आणि दुभत्या शेळीला त्यांच्या गरजेप्रमाणे थोडा जास्त द्यावा आणि तो सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावा. आधी सुका चारा, मग खुराक हा क्रम मोडू नये.

बेरारी शेळी ही आपल्या विदर्भाची शेळी, झाडपाल्यावर वाढलेली. तिला बंदिस्त केले तरी पाल्याची सवय सुटत नाही. धुऱ्यावर शेवरी आणि सुबाभूळ लावा, विहिरीजवळ दहा गुंठ्यांत लसूणघास किंवा दशरथ घास घ्या. सुबाभळीत मायमोसिन असते, म्हणून एकूण चाऱ्यात तिचा वाटा एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटार वाया घालवू नका. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात उपयोगी पडतात. चारा जितका चांगला तितका खुराक कमी लागतो. गोळी की भरडा या वादात जो पैसा वाचायचा त्याहून जास्त पैसा धुऱ्यावरची शेवरी वाचवते.

बोकड पोसणाऱ्यांसाठी एक इशारा. ईदच्या बाजारासाठी बोकडाला दाणा आणि कोंडा भरपूर चारला जातो. त्यात स्फुरद जास्त आणि चुना कमी असतो, त्यामुळे मूत्रमार्गात खडे होतात आणि लघवी अडते. नेमका विक्रीच्या तोंडावर बोकड हातचा जातो. खुराकात चुना व स्फुरद यांचे प्रमाण दोनास एक असे राखावे, त्यासाठी चुनखडीची भुकटी एक टक्का घालावी, कोंडा बेताने द्यावा, मीठ आणि स्वच्छ पाणी कमी पडू देऊ नये. दाणा वाढवण्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी.

मग निवड कशी करावी?

पाच-दहा शेळ्या, घरचे धान्य आणि घरची माणसे असतील तर भरड मिश्रण करावे. तोलून कालवावे, गुळाच्या पाण्याचा हात द्यावा. चाळीस-पन्नास शेळ्या बंदिस्त असतील, मजूर कमी असतील आणि सर्व माल विकतच घ्यायचा असेल, तर खात्रीची गोळी परवडते. दोन्हीचा मेळही घालता येतो. घरचा जाड भरडा अर्धा आणि जास्त प्रथिनांची गोळी अर्धी. परदेशातील दाणेदार मिश्रण याहून फार वेगळे नसते. मात्र त्यात शेळ्या निवड करतात का, यावर लक्ष ठेवावे.

आणि माझे सांगणेही पारखून घ्या. एकाच वयाच्या, सारख्या वजनाच्या दहा शेळ्या घ्या. पाचांना गोळी, पाचांना मिश्रण. चारा दोघींना एकच. पहिले पंधरा दिवस सवयीचे धरा. मग वजन करा आणि ४५ दिवस चालवा. रोज गव्हाणीत उरलेले तोला आणि वहीत लिहा. शेवटी पुन्हा वजन करा. एक किलो वजनवाढीला किती रुपयांचा खुराक लागला, हे ज्या गटात कमी आले तो खुराक तुमच्या गोठ्याचा. कंपनीची जाहिरात आणि शेजाऱ्याचा अनुभव यांपेक्षा या वहीवर जास्त विश्वास ठेवावा. काटा आणि वही या दोन्ही गोष्टी एका पोत्याच्या किमतीत येतात. त्या आजच घ्याव्यात आणि खुराकाचा निर्णय स्वतःच्या हिशेबाने करावा, अशी आपणा सर्वांस विनंती आहे.